गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला मॉनिटर

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

बाळीवेस, सोलापूर

चि. बसवेश यास,

धनलक्ष्मी आत्याचे आशीर्वाद. (एरवी 'अनेक' लिहिते, ह्या खेपेला मोजून दिलेत. कारण पुढे येईल.) तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालते, कारण गोव्याचे फोटो पाहिले आणि त्यात आजारी माणूस एकही दिसला नाही. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा थंडी पडली की बोलायला लागतो, आणि सोलापुरात अजून थंडी म्हणावी अशी पडलेली नाही, तेव्हा तो गप्प आहे. माझी तब्येत तर इतकी उत्तम आहे की काही लोकांना ती बघवत नाही. हे सगळं फोनवर लिहिलं असतं, पण तू तीन ओळींपुढचा मेसेज वाचत नाहीस आणि दोन ओळींच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस. अंगठ्याचा मला ह्या वर्षात पुरेसा त्रास झालेला आहे. म्हणून दुकानातल्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर छापून पाठवते आहे. हा कागद फाडायलाही जोर लागतो, तेव्हा वाचूनच संपव.

तुला घाई असते म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटर बसला. मी इकडे जे टाईप करते ते तिकडे जसंच्या तसं दिसतं, आरशात दिसावं तसं. तू काय म्हणाला होतास ते मला शब्दन् शब्द आठवतं: आत्या, तुझ्या त्या जुन्या मशीनवर ते कमांड लाईनवरून करावं लागेल, तुला नाही जमायचं, दिवाळीत आलो की बघू. दिवाळीत तू गोव्याला गेलास. मी कमांड लाईनला गेले.

आता हे का करावं लागलं ते ऐक. गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोटकडच्या बसलिंगप्पांच्या घरी नातीचं लग्न होतं. आपलं पिढीजात गिऱ्हाईक. आपल्या धंद्याची पद्धत तुला माहीतच आहे: त्या घराण्याची मागच्या लग्नाची पत्रिका उघडायची आणि नावं बदलायची. गणपती तोच, कुलदैवत तेच, मामा बहुतेक तेच, फक्त नवरानवरी नवी. मागच्या पत्रिकेत सगळ्यांत वर बसलिंगप्पांच्या वडिलांचं नाव होतं, आणि ते वारलेले, म्हणून नावाआधी 'लिं.' होतं. (तुझ्या पुण्यात कै. लावतात. आपल्यात गेलेला माणूस लिंगैक्य झाला म्हणून लिं. लावतात. विसरला असशील म्हणून सांगितलं.) ह्या वेळी वरच्या ओळीत खुद्द बसलिंगप्पा हवे होते. नाव बदललं. ते एवढंसं लिं. मात्र आपल्या जागेवरून हललं नाही. प्रूफ त्यांच्या मुलाला, मल्लिनाथला, फोनवर पाठवलं, तर त्यानं श्वास घ्यायच्या आत अंगठा दाखवला. पत्रिका छापल्या, कुंकू लागलं, वाटून झाल्या. मंगळवेढ्याचे पाव्हणे जीप करून दुखवट्याला आले, तर म्हातारा ओसरीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलेला. पाव्हण्यांची अशी पंचाईत झाली की शेवटी तेही जेवायलाच बसले.

दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पा स्वतः दुकानात आले. ओरडले नाहीत. बाकावर बसले, पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर पत्रिकेतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. त्यांचं त्या दिवशीचं सगळं बोलणं तेवढंच. आता तू म्हणशील, आत्या, चूक तुझी. मुळीच नाही. घरातलं माणूस जिवंत आहे की नाही हे घरच्यांना माहीत असायला हवं, पत्रिका जुळवणारीला नाही. प्रूफ मी दाखवलं होतं. अंगठा त्यांच्या घरचा होता. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

पण माझे दीर, तुझे प्रभुकाका, त्यांना कोण सांगणार? भाऊजी मोठ्यानं बोलत नाहीत हे तुला माहीत आहे. त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि अगदी मायेनं म्हणाले की वहिनी, तुम्ही खूप केलंत, आता विश्रांती घ्या, पुढच्या सीझनला मी बाहेरचा ऑपरेटर बघतो. विश्रांती! बसवेश, आपल्याकडे बाईला घालवायचं असलं की हा शब्द काढतात. तुझे मामा, म्हणजे माझे हे, गेले त्या वर्षी साऱ्या भावकीनं मला विश्रांतीच सांगितली होती. तेव्हा घेतली असती तर आज देव्हाऱ्यापुढे वाती वळत बसले असते. मला वाती वळता येत नाहीत आणि शिकायच्याही नाहीत. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासून मी त्या जागेवर बसते आहे. घरी मी कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी काकू, कुणाची तरी मागे राहिलेली बायको असते. दुकानात त्या खुर्चीवर बसले की मला लोक नावानं विचारत येतात. ती खुर्ची गेली तर माझ्याजवळ काय उरतं हे मला चांगलं माहीत आहे, आणि म्हणूनच ती जाऊ द्यायची नाही असं ठरवलं.

दुखणं अंगठ्याचं, तर औषधही अंगठ्यालाच लावायला हवं. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं आणि अक्षर न् अक्षर त्याच्या डोळ्यांदेखत उमटवायचं. आजवर गिऱ्हाईक माझ्या मागे उभं राहून मानेवर श्वास टाकायचं आणि पडद्यावर बोट टेकवून तेलाचे ठसे ठेवून जायचं. (भजी खाऊन मग प्रूफ बघायला येण्याची आपल्याकडे प्रथा आहे.) म्हणून बंद पडलेल्या एका नेट कॅफेचा मॉनिटर जुन्या बाजारातून आणला. भाऊजी म्हणाले, डबा आहे. डबाच आहे, पण लागतो. वायरीचाही एक तमाशा झाला. वायरवाला म्हणाला, मावशी, तुमच्या वायरीला दोन्हीकडे नर आहे, एका टोकाला मादी लागते. इतकी वर्षं लग्नाच्या धंद्यात काढली, पण वायरींचंही जुळवावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जोडलं, मॉनिटर लागला, मला वाटलं झालं काम. बघते तर त्याच्यावर नुसती निळी भिंत, आणि माझा बाण इकडून नाहीसा होऊन तिकडे एकटाच फिरतोय. मला हवा होता आरसा, त्यानं मला पडवी काढून दिली होती. मेनूमध्ये आरशाचं बटण होतं, पण फिक्कं पडलेलं, दाबलं तरी ढिम्म. तू विंडोज काढून ते पेंग्विनचं लिनक्स टाकून गेलास ना, फुकट असतं, व्हायरस येत नाही म्हणालास. खरं आहे. व्हायरसलाही ते समजत नसणार. मग इंटरनेटवर शोधलं. कुणा परदेशी माणसानं बऱ्याच वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न विचारला होता. उत्तरं द्यायला जमलेल्यांत पहिल्यानं प्रश्नच चुकीचा ठरवला, दुसऱ्यानं पहिल्याची अक्कल काढली, तिसरा 'आमच्याकडे तर चालतंय' म्हणून निघून गेला. माझ्या सासरच्या भावकीची बैठक अशीच असते. चौथ्यानं मात्र कुणाशी न भांडता एक ओळ लिहून ठेवली होती. (माझ्या इंग्रजीची काळजी करू नकोस. मी कित्येक वर्षं पत्रिकांची इंग्रजी बाजू जुळवते आहे. अर्थाचा आणि माझा कधी संबंध आला नाही, आणि त्यावाचून अडलंही नाही.)

तर मी ती काळी खिडकी उघडली. तुम्ही तिला टर्मिनल म्हणता. खरं सांगू, मला ती आवडली. तिच्यात चित्र नाही, रंग नाही, 'आपले स्वागत आहे' नाही. तिला नुसतं 'एक्सरँडर', म्हणजे त्या ओळीतला पहिला शब्द, म्हटलं की ती घराची हजेरी सांगते: हा जोडलेला, हा तुटलेला, हा जोडलेला. मी तरी आयुष्यभर दुसरं काय केलं? कोण कुणाशी जोडलेला आहे आणि कुणाशी बोलणं तुटल्यामुळे त्याचं नाव टाकायचं नाही, हेच विचारत आले. नंतर त्या ओळीत कुणी कुणाच्या डावीकडे बसायचं, कुणी उजवीकडे आणि कुणी कुणासारखंच दिसायचं ते सांगायचं असतं. हे तुम्ही लोक पुण्यात मोठा पगार घेऊन करता आणि वर आम्हाला जमणार नाही म्हणता.

त्या ओळीत ठिकठिकाणी दोन बारक्या आडव्या रेघा असतात, एकीपुढे एक. मी धंद्याच्या सवयीनं ओळ आधी पत्रिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट जुळवली, वाचून तपासली, मगच उचलून काळ्या खिडकीत टाकली. आता ते सॉफ्टवेअर दोन बारक्या रेघा दिसल्या की त्यांची एक लांब सुबक रेघ करतं. मीच तसं लावून ठेवलंय, मुहूर्ताच्या वेळेत ती शोभून दिसते. काळ्या खिडकीला शोभेशी कर्तव्य नाही, तिनं सगळी ओळ जशी गेली तशी परत केली. मग तिथंच बसून एकेक रेघ हातानं ठोकली. ह्या वेळी पत्रिका समोरच्या मॉनिटरवर आली, पण अर्धीच. माझा पडदा रुंद, त्याचा चौकोनी, त्यामुळे नवरदेव अख्खा आला आणि नवरी तिच्या आईवडिलांसकट कापली गेली. भाऊजी जाता जाता म्हणाले की मुलाकडच्यांना चालेल. दोघांचं माप एक करावं लागतं हे मला पाचव्या परदेशी माणसाकडून कळलं. रुंद पडद्यानं आपली थोडी रुंदी सोडायची, तेव्हा दोघांचं जमतं. (ह्यावर मी जास्त बोलत नाही, तुझं लग्न व्हायचंय.)

मापं बदलताना एकदा भलत्याच नावापुढे 'ऑफ' लिहिलं गेलं आणि माझाच पडदा विझला. गिऱ्हाइकाचा चालू. म्हणजे टाईप करायचं इकडे आणि बघायचं पलीकडे जाऊन. मी काय केलं असेल? कीबोर्डची वायर ताणून काउंटरवरून पलीकडे घेतली, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले आणि कीबोर्ड मांडीवर ठेवला. तेवढ्यात एक बाई बारशाच्या पत्रिकेचं विचारायला आल्या. माझ्याकडे बघून त्यांचा समज झाला की ह्या दुकानात आपलं आपणच करून घ्यायचं असतं, आणि त्या आल्या पावली परत गेल्या. जाऊ दिलं. तिथंच बसून ओळ पुन्हा लिहिली, एंटर मारलं, आणि दोन्हीकडे एकच पत्रिका उभी राहिली, नवरीच्या आईवडिलांसकट. दुकानात मी एकटीच होते. मी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या तर वाजवल्या.

तुळशीचं लग्न लागलं आणि पहिलंच काम आलं ते बसलिंगप्पांच्याच घरचं, धाकट्या नातवाचं. मल्लिनाथ आणि भाऊजी शाळेतले दोस्त, म्हणून पुन्हा आपल्याकडेच आले. मात्र ह्या वेळी कुणाचा कुणावर भरवसा नव्हता, त्यामुळे अख्खं घर आलं: बसलिंगप्पा, त्यांच्या पत्नी चंद्रव्वा, मल्लिनाथ, सुना, पोरंटोरं. मॉनिटरसमोर असे दाटीनं बसले की जणू मॅच लागली आहे. चंद्रव्वा उतारवयात वाचायला शिकल्या, त्यामुळे त्यांना वाचनाची मोठी हौस. पडद्यावर जे उमटेल ते त्या खणखणीत आवाजात वाचायच्या. मी नाव टाईप करायचा अवकाश की तिकडून पुकारा व्हायचा. आणि मग वाद. मोठ्या सुनेचं नाव धाकटीच्या खाली का, तिच्या माहेरचं आडनाव कशाला, एक चुलत आत्या तर सारखी पत्रिकेत येत होती आणि जात होती, तीही तिच्या डोळ्यांदेखत. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांच्या नावांत एक अजून जन्मालाही न आलेलं बाळ घालायचा आग्रह झाला. घातलं. माणूस जिवंत दाखवायचा असला तर मी आता हात सैल सोडते. पूर्वी ही भांडणं पत्रिका वाटल्यानंतर व्हायची, आता छापायच्या आधी झाली. मी ह्याला सुधारणा म्हणते. भाऊजी कटिंग मशीनजवळ उभे राहून ह्याला गोंधळ म्हणत होते.

पण आरशाचा एक गुण माझ्या ध्यानात आला नव्हता. तो निवडून दाखवत नाही, असेल ते सगळं दाखवतो. दुकानाचं व्हॉट्सॲप त्याच कॉम्प्युटरवर उघडं असतं, भाऊजींच्या नंबरचं. मी मुहूर्ताची ओळ जुळवत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. चंद्रव्वांना ती पत्रिकेतलीच पुढची ओळ वाटली. त्यांनी तीही त्याच आवाजात वाचली: "प्रभुशेठ, सोमवारपासून कॉम्प्युटरवर बसतो. वहिनींना सांगितलं का?"

मला सांगितलेलं नव्हतं, बसवेश. माझ्या खुर्चीवर दुसरा येऊन बसणार हे मला गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं, आणि तेही मी माझ्या हातानं लावलेल्या मॉनिटरवरून. खोटं कशाला बोलू, मुहूर्ताची ओळ मी अर्धीच सोडली. भाऊजी मशीनचं चाक पुसायला लागले, जे स्वच्छच होतं. बसलिंगप्पांनी मल्लिनाथला काय झालं म्हणून विचारलं. त्यानं हळू आवाजात कानडीत समजावलं. म्हाताऱ्यानं पडद्याकडे बघितलं. तिथं सगळ्यांत वर त्यांचं नाव होतं, पुढे काही न लावलेलं. मग ते भाऊजींकडे वळले.

"प्रभु, ह्या बाईनं मला मारलं. आता जित्ता बी हिनंच करायचा. दुसरा कोण बसला तर मी हितनं उठतो की."

चंद्रव्वा म्हणाल्या, "हौदु." म्हणजे व्हय. त्यांच्या घरात हा शेवटचा शब्द असतो, हे मला तेव्हा कळलं. (मारलं हे मला मान्य नाही, कारण वर दिलेलंच आहे. पण ती काही वाद घालायची वेळ नव्हती.) भाऊजी बरं म्हणाले. मग स्वतः जाऊन सगळ्यांना चहा सांगून आले, माझ्यासाठी बिनसाखरेचा, आणि कप माझ्या कीबोर्डशेजारी ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही. मी मुहूर्ताची ओळ पुरी केली. सोमवारी कुणी आलं नाही. पत्रिका छापून गेली, वाटून झाली, आणि ह्या वेळी जीप करून कुणी कुठे गेलेलं ऐकिवात नाही.

तर तुझ्या कंपनीत कुणाला गिऱ्हाइकाकडे तोंड करून पडदा लावायचा असला तर त्याला माझा नंबर दे. तुला वेळ नसतो हे मी त्याला समजावून सांगेन. जेवणखाण वेळेवर कर, रात्रीची बिर्याणी कमी कर, आणि हुतात्मा एक्सप्रेस अजून पुण्याहून रोज सोलापूरला येते हे ध्यानात ठेव. आशीर्वाद मघाशी मोजून दिले होते, आता राहिलेलेही घे.

तुझी आत्या,
धनलक्ष्मी
(मुक्काम खुर्ची)

ता. क. सोबत शेंगाचटणी पाठवते आहे. डबा स्टीलचा आहे, परत हवा. मागचे दोन्ही तुझ्याकडेच आहेत.

आणखी एक ता. क. वर मॉनिटर 'बसला' असं लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला की तो सगळं विसरतो आणि गिऱ्हाइकापुढे परत रिकामा पडदा येतो. लाईट गेली तेव्हा हे कळलं. म्हणून रोज सकाळी शटर वर केलं, उदबत्ती लावली, की मी काळी खिडकी उघडते आणि ती ओळ टाईप करते. पाठ आहे. कुठेही लिहून ठेवलेली नाही.

शेवटचं, आणि खरं काम हेच. परवा भाऊजी सहज बोलल्यासारखे म्हणाले की वहिनी, आता सगळं बसलेलंच आहे तर सकाळी कुणीही येऊन सुरू करू शकेल. काल ते माझ्या आधी दुकानात आले होते. मी पोहोचले तर कॉम्प्युटर चालू, समोरच्या मॉनिटरवर काही नाही, आणि भाऊजी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी येरझाऱ्या घालताहेत. संध्याकाळी ते तुझ्या बाबांकडून तुझा नंबर घेऊन गेलेत. ते तुला फोन करतील आणि विचारतील की हे रोज आपोआप व्हायला काय करायचं. तुला येतं, मला माहीत आहे. मलाही येतं, परदेशी लोकांच्या त्या बैठकीत शेवटी कुणीतरी तेही लिहून ठेवलंय आणि मी ते पान शेवटपर्यंत वाचलंय. तू सांगू नकोस. काहीही थाप मार, पण सांगू नकोस. बसलिंगप्पा काही रोज येऊन माझ्यासाठी बाकावर बसणार नाहीत. मला ते आपोआप व्हायला नको आहे, बसवेश. रोज सकाळी त्या दुकानाचं माझ्यावाचून थोडं अडू दे.